काटापावती नसलेला दगड

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

गेल्या डिसेंबरात उन्हाळ कांद्याची लागण जोरात होती. भावडबारीच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर मी आणि एक पोरगा उकिडवे बसलो होतो. पोरगा आपल्या तालुक्यातलाच, नाशिकला वनस्पतीशास्त्रात एम. एस्सी. करतोय. त्याच्या हातात छिन्नी आणि छोटी हातोडी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. माझ्या हातात जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कारण तेवढीच वस्तू आमच्या घरात मुबलक आहे. शेतमालकाला आदल्या दिवशीच विचारलं होतं. तरी लागणीच्या बाया टकामका बघत होत्या, आणि शेजारच्या शेतातले एक बाबा शेवटी उठून आलेच.

"दगड कसाले फोडी राह्यनात भाऊ? धन सापडनं का?"

मी म्हटलं, बाबा, धन नाही, दगडफूल.

बाबा हसले. दगडफूल त्यांना माहीत होतं. आपल्या काळ्या मसाल्यात पडतं, किराणा दुकानात पुडीत मिळतं, तेच. पण या काळ्या पाषाणावर तर नुसते डाग होते. एक राखी, एक पांढरट, एक भगवट पिवळा, जणू कुणी जाताजाता रंगाचा हात पुसलाय. हे कसलं दगडफूल?

बाबांचा प्रश्न मलाही पडला होता. पोरानं सांगितलं ते असं. मसाल्यातलं दगडफूल पानासारखं असतं, कडा सुटलेली, नखानं उचललं की निघतं. ते जंगलातून येतं, हिमालयातून आणि सह्याद्रीच्या ओल्या भागातून. आपल्या बांधावरचं खपलीसारखं असतं. त्याची खालची बाजू दगडात इतकी मुरलेली असते की ते वेगळं काढताच येत नाही. खरवडलं तर नुसता भुगा हाती येतो. म्हणून त्याचा नमुना घ्यायचा तर खालचा दगडच चिपेएवढा काढावा लागतो. खपलीचं दगडफूल हवं असेल तर त्याची जागाही सोबत न्यावी लागते.

त्यानं दोन बोटांएवढी एक चीप काढली. बाकीचा डाग तसाच ठेवला, सगळा काढायचा नसतो म्हणाला. मग माझ्या वर्तमानपत्रात चीप गुंडाळली आणि कागदाच्या घडीच्या पाकिटात टाकली. प्लास्टिक चालत नाही, आत दमट होऊन बुरशी धरते. आणि मग लिहायला बसला. चीप काढायला पाच मिनिटं लागली असतील, लिहायला पंधरा. गाव, तालुका, जिल्हा. रस्त्यापासून किती अंतर. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश आणि उंची. दगड कुठला, बांधाची कुठली बाजू, ऊन किती वेळ असतं, शेजारी काय आहे. तारीख. गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा चालू क्रमांक, तो होता सदतीस.

मी म्हटलं, अरे दगड एवढासा आणि हे रामायण केवढं!

तो म्हणाला, "काका, हे नसेल तर ती नुसती खडी आहे."

हे वाक्य मला झोंबलं. का, ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण या डागांचा इतिहास आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे, आणि त्यात आपल्या मराठी माणसांचं काम मोठं आहे.

सजीवांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्यानं रुळवली तो स्वीडनचा लिनियस. १७५३ साली त्यानं जगातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला, त्यात ऐंशीच्या आसपास दगडफुलं होती आणि भारतातलं एक. लिनियस दगडफुलांना वनस्पतींतले सगळ्यात गरीब शेतकरी म्हणायचा असं सांगतात. काहीच नसलेल्या जागी जाऊन बसणारे, म्हणून. बांधावर बसून हे ऐकताना मला त्यात टवाळी काही वाटली नाही.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं सगळे याला वनस्पतीच समजत होते. १८६७ साली श्वेंडेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं सांगितलं की ही एक वनस्पती नाहीच. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार आहे. घर बुरशीचं, स्वयंपाक शेवाळाचा. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, बुरशी ओल धरते आणि आधार देते. त्या काळचे मोठमोठे दगडफूलवाले त्याच्यावर तुटून पडले. त्यांत पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा नायलँडरही होता. श्वेंडेनर बरोबर होता. पण नायलँडरलाही मोडीत काढता येत नाही. दगडफुलावर रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का बघायचं, ही ओळखण्याची युक्ती त्यानंच १८६६ मध्ये आणली. एक थेंब पोटॅशचा, एक कपड्यांच्या ब्लीचसारख्या द्रावणाचा. कुणी पिवळं होतं, कुणी लाल, कुणी तसंच राहतं. आपला पोरगा आजही तेच करतो, बाटल्या तेवढ्या नव्या.

त्याच वर्षी नायलँडरनं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेत कुठली कुठली दगडफुलं आहेत याची यादी, आणि शहराच्या बाकी भागात ती का नाहीत याचा अंदाज. धुरामुळे, हवेमुळे. पुढे त्याच्या हयातीतच त्या बागेतलीही दगडफुलं गेली. ती गेली हे कळलं कशामुळे? आधी कुणीतरी यादी केली होती म्हणून. यादी नसती तर बाग जशी आहे तशीच कायम होती असं लोक समजले असते.

आता आपल्याकडे येतो. भारतात दगडफुलांचा पाया घालणारे म्हणजे लखनौ विद्यापीठातले धरणीधर अवस्थी. १९२२ साली जन्म, २०११ ला गेले. आयुष्यभर पाकिटं जमवली, त्यांचा संग्रह आज लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहे. १९८८ साली त्यांनी मोठ्या, पानासारख्या दगडफुलांची ओळख पटवण्याची किल्ली छापली. खपलीवाल्यांसाठी, म्हणजे आपल्या बांधावरच्यांसाठी, १९९१ उजाडलं. ही मंडळी दिसायला सारखी आणि ओळखायला अवघड. भिंगावर भागत नाही. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजावे लागतात, त्यांत किती पडदे आहेत ते बघावं लागतं. अवस्थींच्या नावानं दगडफुलांची एक प्रजातीच आहे, 'अवस्थिया', १९७८ पासून.

आणि महाराष्ट्रात? इथे एक मालवणचा माणूस येतो. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४. तरुणपणी सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला, तोवर तो प्रकार आफ्रिकेतलाच समजत होते. शिकायला जर्मनीत गेले तर पहिलं महायुद्ध पेटलं, आणि ब्रिटिशांची प्रजा म्हणून जर्मनांनी त्यांना अटकेत ठेवलं. तरी डॉक्टरेट करूनच परतले. पुढे कलकत्त्यात प्राध्यापक झाले, आणि निवृत्तीनंतर १९४६ साली पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' उभी केली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ मध्ये त्यांचं नाव दिलं. पुण्यात गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था आहे, त्यामुळे निम्मे रिक्षावाले आणि आम्ही सगळे पत्रकार कधी ना कधी गोंधळलो आहोत.

या संस्थेत बुरशींचा एक संग्रह आहे, बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचा. दगडफुलंही त्यातच ठेवतात. श्वेंडेनरची बाजू जिंकली, त्यामुळे दगडफुलाचं नाव आता बुरशीच्या खात्यावर लागतं. तिथे पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्री पायाखाली घातला, आणि नेमकी अवघड अशी खपलीवाली मंडळी हाती घेतली. उर्मिला माखिजा, सी. आर. कुलकर्णी, एम. बी. नागरकर, पुढे भारती आडावडकर ही त्यातली नावं. पटवर्धन आणि माखिजांचं काम अंदमानच्या बेटांपर्यंत गेलं. कितीतरी जाती जगात पहिल्यांदा यांनीच नोंदवल्या.

नवी जात नोंदवायची तर एक नियम आहे. नुसतं वर्णन चालत नाही. ज्या नमुन्यावरून ती ओळखली तो मूळ नमुना कुठल्यातरी संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. उद्या ब्राझीलमधल्या कुणाला शंका आली तरी त्याला पुण्याचं ते पाकीट उघडून बघता आलं पाहिजे. म्हणजे सह्याद्रीतल्या झाडाच्या सालीचा एखादा नखाएवढा तुकडा पुण्यातल्या कपाटात बसून जगाला साक्ष देत असतो. त्यावर गाव, तारीख, नाव. साल वाळून जाते, गोळा करणारा म्हातारा होतो, झाडही पडतं. पाकीट राहतं.

२०१० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं देशातल्या दगडफुलांची यादी छापली, २३०३ जाती. त्यानंतर आकडा वाढतच चाललाय. आता प्रश्न असा, की यात आपण कुठे?

आपल्या भागाच्या झाडांवर कामं झालीत. थिओडर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. नाशिक जिल्ह्याचा वेगळा ग्रंथ १९९१ मध्ये आला, लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांचा. पण दोन्ही पुस्तकं फुलं येणाऱ्या झाडांची. दगडफुलाच्या नावात फूल आहे, अंगावर नाही. आणि दगडफुलांचे अभ्यासक साहजिकच जिथे ओल आणि गर्द झाडी तिथे जास्त गेले. आपला कसमादे पट्टा पडला पावसाच्या सावलीचा, उघड्या बोडक्या टेकड्यांचा. पण खपलीला झाडी लागत नाही. तिला उघडा दगड लागतो, स्थिर हवा लागते आणि वेळ लागतो. यांची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात, काहींची तर मिलिमीटरचाही काही अंश. तळहाताएवढा डाग दिसला तर समजा, तो आपल्या आज्या-पणज्यापासून तिथे बसलाय.

आता मला ते वाक्य का झोंबलं ते सांगतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, नवा डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा, मी एका गावच्या वेशीबाहेर वीरगळीचा फोटो काढला होता. घोड्यावरचा वीर, खाली लढाई, वर चंद्र-सूर्य. दगडावर राखी आणि पिवळ्या खपल्या. मला तेव्हा वाटलं, खपल्यांमुळे कोरीव काम नीट दिसत नाही. फोटो 'दगड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. तारीख कॅमेऱ्यात लावलेली नव्हती. बातमी झाली नाही. मध्यंतरी त्या भागातल्या वीरगळींवर लिहायचं ठरवलं, फोटो काढला, आणि गाव आठवेना. उमराण्याच्या बाजूचं की मेशीच्या? संशय आलेल्या तीन गावांत जाऊन आलो. एका ठिकाणी वेशच राहिलेली नाही. एका ठिकाणी जुने दगड जीर्णोद्धारात पायात गेले म्हणतात. तिसऱ्या ठिकाणी शेंदरावर ऑइलपेंटचे इतके थर की खाली काय आहे ते देव जाणे.

वीस वर्षं मी बातमीत पहिल्यांदा गाव आणि तारीख लिहितोय. डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं होतं. आणि माझ्याकडचा तो दगड बिनगावाचा, बिनतारखेचा. बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर काटापावतीशिवाय पुढे सरकत नाही. माझ्या फोटोला काटापावतीच नव्हती. फोटो स्वच्छ आहे, पण तो आता काहीच सिद्ध करत नाही.

शेजारच्या कांचनबारीत १७ ऑक्टोबर १६७० ला सुरतेहून परतणाऱ्या महाराजांनी दाऊदखानाला हरवलं, हे आपण तारखेसकट सांगतो. का सांगू शकतो? कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. बारीतले दगड आपणहून काही बोलत नाहीत.

आता सार्वजनिक प्रश्न. त्या बांधावरून समोर एक टेकडी दिसते. अर्धी कापलेली आहे. खडी क्रशर आहे, रस्त्यांना खडी लागतेच, परवानगीचे कागद मी स्वतः पाहिलेत. माझं त्यावर आत्ता भांडण नाही. मला वेगळीच गोष्ट लागली. त्या टेकडीतून किती ब्रास दगड गेला याचा हिशेब सरकारदरबारी आहे, कारण ब्रासवर रॉयल्टी असते. पण त्या दगडावर, त्या उतारावर काय काय जगत होतं, याची एक ओळ कुठे आहे का?

असायला हवी होती. २००२ साली देशात जैवविविधता कायदा झाला. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि २००४ च्या नियमांप्रमाणे त्या समितीचं मुख्य काम एकच होतं, लोकांशी बोलून 'लोक जैवविविधता नोंदवही' करणं. कल्पना चांगली होती. माधव गाडगीळांसारख्या माणसानं कायद्याच्या आधीपासून त्यासाठी काम केलं. गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे ते त्याच्या नावानिशी कागदावर यावं, हा मूळ विचार. पण वर्षानुवर्षं बहुतेक ठिकाणी काहीच हललं नाही. मग २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं मुदत घातली. ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळीकडे समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील. मग काय, जे पंधरा वर्षांत झालं नाही ते काही महिन्यांत झालं. आज देशात अडीच लाखांवर नोंदवह्या आहेत.

मी त्यातल्या दोन गावांच्या पाहिल्या. गावांची नावं लिहीत नाही, कारण दोष एकट्या त्या गावांचा नाही. दोन्ही वह्यांत झाडांची यादी त्याच क्रमानं, शुद्धलेखनाची चूकही त्याच झाडाला. माहिती सांगणाऱ्याच्या रकान्यात नाव नाही. जागेच्या रकान्यात "गाव परिसर". तारीख एकच, छापलेली. एका गावच्या उपसरपंचांना विचारलं तर त्यांनी वही पहिल्यांदाच पाहिली. माझ्यासमोर.

म्हणजे माझ्या 'दगड' फोल्डरचीच ही सरकारी आवृत्ती झाली. वही आहे, पण तिच्यावरून कोर्टात, ग्रामसभेत, रस्त्याच्या सुनावणीत कुणी काही म्हणू शकणार नाही. "आमच्या टेकडीवर हे होतं" असं म्हणायला गेलं की पहिला प्रश्न येणार: कुठे, कधी, कुणी पाहिलं?

कुणी म्हणेल, पाणी नाही, भाव नाही, आणि हा पत्रकार डाग मोजत बसलाय. खरंय. पण ज्या सवयीनं डागाची नोंद होते त्याच सवयीनं विहिरीच्या पातळीची होते, गारपिटीच्या नुकसानीची होते. गेल्या गारपिटीत पंचनामा करायला माणूस आला तेव्हा आपल्याकडे किती जणांकडे तारखेचा फोटो होता, आठवा. आणि आपल्या पूर्वजांनी हे केलंच नाही असंही नाही. वहीखात्यात कुठल्या वर्षी कुठल्या विहिरीचा झरा आटला ते लिहिणारे म्हातारे मी पाहिलेत.

आता काम. तीन गोष्टी.

एक. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची जैवविविधता नोंदवही दाखवा म्हणून सांगा. मागायला अर्जही लागू नये, ती गावाचीच आहे. वाचा. शेजारच्या गावच्या वहीशी ताडून बघा.

दोन. त्यात एक तरी खरी ओळ घाला. वड असो, बारव असो, दगडावरचा डाग असो. ठिकाण, तारीख, सांगणाऱ्याचं नाव. गावात विज्ञान शिकणारी पोरं आहेत, त्यांना सोबत घ्या.

तीन. हे वाचून छिन्नी घेऊन किल्ल्यावर जाऊ नका. धोडप असो की कांचना, किल्ले, लेणी, देवळं, वीरगळी यांना हात लावायचा नाही. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही काढायचं नाही. फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं, आणि लगेच तिथेच लिहा. घरी जाऊन लिहीन म्हणणारा माणूस मी आहे, माझं काय झालं ते वाचलंत.

त्या दिवशी संध्याकाळी निघताना बाबा पुन्हा आले. पोरानं त्यांना भिंगातून तो भगवट डाग दाखवला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत होते. डागात बारीक बारीक वाट्या दिसतात, नारिंगी, कडा उचललेल्या. मग म्हणाले, हा दगड माझ्या बापानं विहीर खोदताना काढून इथे ठेवला, बहात्तरच्या दुष्काळात. पोरानं गाडीची किल्ली खिशात ठेवली, पाकीट उघडलं आणि कागदावर एक ओळ वाढवली. हा दगड १९७२ मध्ये विहिरीतून बाहेर काढला, माहिती शेतकऱ्याची. म्हणजे त्यावरचं जे काही आहे ते १९७२ नंतरचं. इतकी पक्की मुदत सहसा मिळत नाही म्हणाला. ती ना भिंगातून दिसली असती, ना मोबाईलवर सापडली असती.

पोस्टसोबत माझा तो जुना वीरगळीचा फोटो जोडतोय. घोड्याचा पुढचा एक पाय तुटलाय, उजव्या कोपऱ्यात बाभूळ आहे. कुणी ओळखला तर गाव सांगा. सांगणाऱ्याचं नाव मी त्याखाली लिहीन, आणि तारीखही.